सायकल मार्ग टाकला की कोंडी होते? खांब उपटण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "तो सायकलचा पट्टा टाकल्यापासून इथे रोज जाम." या वाक्यातला 'रोज' हा शब्द मी सगळ्यात आधी धरतो.

आमच्या भागातल्या एका रस्त्यावर तीन महिन्यांच्या प्रयोगासाठी असा पट्टा टाकला होता. रस्ता दुहेरी, मध्ये दुभाजक नाही, नुसती पांढरी रेघ. एकूण रुंदी १५ मीटर. शहराकडे जाणाऱ्या बाजूला कडेने दोन मीटरचा सायकल मार्ग आणि त्याला लागून अर्धा मीटर जागा लवचिक प्लास्टिकच्या खांबांसाठी. दुसऱ्याच आठवड्यात सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप गट पेटले. मी वाहतूक मोजणीची कामं करतो आणि राहतोही तिथेच, त्यामुळे "तुम्ही जरा बघा ना" हे माझ्याच वाट्याला आलं.

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला जाऊन उभा राहिलो. वाहतूक अगदी सुरळीत. दुसऱ्या दिवशी चौकापासून थेट पेट्रोल पंपापर्यंत रांग. तिसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. वही, घड्याळ, मोजणीचं ॲप, सगळं घेऊन उभा असलेल्या मला चहाच्या टपरीवरच्या काकांनी सांगितलं, "अहो, काल पी-वन होतं."

पुण्यात आणि आसपास गाडी लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पी-१ची पाटी असलेल्या बाजूला विषम तारखेला गाड्या लावायच्या, पी-२च्या बाजूला सम तारखेला. पट्टा टाकताना खांब आले, रंग आला, पण पाट्या होत्या तशाच राहिल्या. सायकल मार्ग नेमका पी-१च्या बाजूला. विषम तारखेला लोक नियमाप्रमाणे त्याच बाजूला गाड्या लावायचे, आता खांबांच्या बाहेर. साडेसात मीटरमधून अडीच मीटर पट्ट्याचे गेले, दोन मीटर उभ्या गाड्यांचे, उरले तीन. त्यातून बस गेली की शेजारून स्कूटरही जात नाही. सम तारखेला मात्र या बाजूला पाच मीटर आणि समोरच्या बाजूला साडेपाच. म्हणजे दोन्हीकडे निभेल इतकी जागा. पट्टा येण्यापूर्वी विषम तारखेलाही साडेपाच मीटर मिळायचे, तेव्हा कोणाला काही जाणवत नव्हतं. एकट्या पट्ट्यानेही कोंडी होत नव्हती आणि एकट्या पार्किंगनेही नाही. दोघं एका बाजूला आले की मात्र व्हायचीच.

पडताळा घ्यायला महिनाअखेर कामाला आली. ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. अंदाज बरोबर असेल तर या दोन्ही दिवशी सलग कोंडी व्हायला हवी होती. झाली.

म्हणून पहिली पायरी ही. तक्रार आली की दहा कामाच्या दिवसांची साधी नोंद ठेवा. तारीख, वार, रांग सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, रांगेचं शेपूट कुठवर गेलं ती खूण (पंप, देऊळ, शाळेचं फाटक, काहीही चालेल). कोंडी ठराविक तारखांना होते, ठराविक वारी होते, फक्त शाळा सुटताना होते की खरोखर रोज, हे कळल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीची कोंडी आणि रोजची कोंडी यांवरचे उपाय वेगळे असतात.

पहिल्या आठवड्याचे आकडे धरू नका

पट्टा टाकल्यावर पहिले काही दिवस सगळ्यात वाईट असतात. चालकांना नवा आकार कळलेला नसतो, खांब दिसला की ब्रेक लागतो, कोणीतरी काच खाली करून वॉर्डनशी हुज्जत घालत असतो. त्यानंतर लोक आपापली वाट शोधतात. काही जण दहा मिनिटं आधी निघतात, काही मागच्या रस्त्याने जातात, काही फेऱ्या होतच नाहीत. वाहनांसाठीची जागा कमी केलेल्या ७० ठिकाणांचा अभ्यास ब्रिटिश संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यातल्या निम्म्या ठिकाणी आजूबाजूचे रस्ते धरूनही एकूण वाहतूक ११ टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. सगळीकडे तसं होईल असं मी म्हणणार नाही. जिथे समांतर रस्ताच नाही आणि बसही धड येत नाही, तिथे लोकांपुढे पर्याय तरी कोणता? पण पहिल्या आठवड्याची रांग कायमची समजून निर्णय घेणं चूक, एवढं नक्की. निदान तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत.

उलट चूकही तितकीच होते. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत मोजणी करून "बघा, काहीच फरक पडला नाही" असं सांगणारे अहवाल मी पाहिले आहेत. शाळा बंद असताना आपल्याकडचे अर्धे रस्ते निम्मे रिकामे असतात. पट्ट्याआधीची मोजणी आणि नंतरची मोजणी एकाच हंगामातली हवी, दोन्ही वेळा शाळा चालू हव्यात आणि मधल्या काळात शेजारचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला नसावा. शेवटची अट पाळणं आपल्याकडे सगळ्यात अवघड.

पट्ट्याआधीचे आकडेच नसतील तर? बहुतेक वेळा नसतातच. मग गाडीत किंवा दुचाकीवर मोबाइलचा जीपीएस लावून त्याच वेळी तीच फेरी आठ-दहा वेळा करा, आणि पट्टा नसलेल्या समांतर रस्त्यावरही तेवढ्याच फेऱ्या करा. दोन्हीकडे वेळ सारखाच वाढला असेल तर दोष बहुधा पट्ट्याचा नाही.

स्टॉप लाइनवर उभं राहा, मधल्या रस्त्यावर नाही

रोजची कोंडी असेल आणि पार्किंगचा घोळ नसेल, तर नव्वद टक्के वेळा उत्तर चौकात सापडतं. हा नव्वदचा आकडा अनुभवाचा, अभ्यासाचा नव्हे. लोक मात्र मधल्या रस्त्याचे फोटो पाठवतात: "बघा, किती अरुंद केलाय!" अरुंद दिसतो खरा, पण त्याचा वाहतुकीला फारसा त्रास नसतो. सिग्नलमधून तासाला जितक्या गाड्या सुटतात, त्याच्या कितीतरी पट गाड्या मधला रस्ता वाहून नेऊ शकतो, कारण मधल्या रस्त्यावर लाल दिवा नसतो.

थोडं गणित करू. सिग्नलच्या रेघेवरून सलग हिरवा असता तर तासाला किती वाहनं सुटतील, याचं, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने घेतलेलं जुनं सूत्र सोपं आहे: मीटरमधली रुंदी गुणिले ५२५. उत्तर पीसीयूमध्ये येतं. एक मोटार म्हणजे एक पीसीयू, आणि बाकीची वाहनं त्या मापात मोजायची. हे सूत्र साडेपाच मीटरच्या पुढच्या रुंदीला लागू होतं.

समजा चौकाला येणारी बाजू ९ मीटर रुंद होती. ९ गुणिले ५२५ म्हणजे ४७२५. आता १२० सेकंदांच्या चक्रात आपल्या बाजूला ४० सेकंद हिरवा असेल, म्हणजे एक तृतीयांश वेळ, तर तासाला सुटणार १५७५ पीसीयू. पट्ट्याने अडीच मीटर घेतले. साडेसहा मीटरचे ३४१२, त्याचा तिसरा हिस्सा ११३७. सकाळच्या वेळी येणारी वाहतूक १२५० असेल तर आधी ती आरामात सुटत होती, आता तासाला ११३ पीसीयू मागे राहतात. दोन रांगांत, एकाला सहा मीटर धरून, तासाभरात साधारण ३४० मीटरची रांग. एवढ्या रांगेचं शेपूट मागच्या चौकात शिरलं की तो चौकही अडतो आणि मग खरी बोंबाबोंब सुरू होते.

याच आकड्यांत उपायही आहे. मधल्या रस्त्यावरचे साडेसहा मीटर पुरेसे आहेत. कमी पडतो तो हिरवा वेळ. ४० सेकंदांचे ४६ केले की क्षमता १३०८वर जाते आणि रांग साचत नाही. सहा सेकंद. ते कुठून काढायचे? बाजूच्या गल्लीला ३० सेकंद हिरवा असून तिथली शेवटची गाडी विसाव्या सेकंदाला निघून जात असेल, तर तिथून. हे घड्याळ लावून पाहायला अर्धा तास पुरतो. तरीही कित्येक ठिकाणी पट्टा टाकणारा विभाग वेगळा, सिग्नलची वेळ बदलणारा वेगळा, आणि दोघांची भेट होते ती थेट आंदोलनानंतर.

दुसरा मार्ग म्हणजे स्टॉप लाइनजवळ रुंदी परत देणं. चौकाआधी समोरच्या बाजूची गाड्या लावायची जागा काढली, मधली रेघ थोडी सरकवली, तर पट्टा न तोडता एखादा मीटर परत मिळतो. फक्त किती अंतर रुंद ठेवायचं ते नीट बघा. रांगेतून साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते आणि प्रत्येक गाडी सहा मीटर जागा घेते. म्हणजे ४० मीटर रुंदी दिली तर तिचा फायदा हिरव्याच्या पहिल्या तेरा-चौदा सेकंदांपुरता, त्यानंतर अरुंद भागातूनच गाड्या येणार. पूर्ण ४० सेकंदांचा फायदा हवा असेल तर सव्वाशे मीटर लागतील. बरेच जण २० मीटर मोकळे करतात आणि "काही उपयोग झाला नाही" म्हणतात.

आणि कृपा करून तिसरा, सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग घेऊ नका: चौकाच्या ५० मीटर आधीच सायकल मार्ग संपवून टाकणं. रुंदी परत मिळते हे खरं. पण सायकलवाल्याला संरक्षणाची खरी गरज चौकातच असते, आणि तिथेच त्याला बस आणि डंपरच्या मध्ये सोडून दिलं तर उद्यापासून तो पट्ट्यावर येणार नाही. मग रिकाम्या पट्ट्याचा फोटो निघतो.

सूत्राबद्दल एक इशारा. आपल्या सिग्नलवर दुचाकी फटीफटीतून पुढे येऊन झेब्रावर थांबतात आणि हिरवा व्हायच्या आतच सुटतात. त्यामुळे ५२५चा गुणाकार अंदाजापुरताच. खरा आकडा हवा असेल तर रांग भरलेली असताना हिरवा लागल्यावर पहिले चार-पाच सेकंद सोडा आणि पुढे हिरवा संपेपर्यंत रेघ ओलांडणारी वाहनं प्रकारानुसार मोजा. दहा चक्रं पुरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या कोष्टकात दुचाकी ०.५ ते ०.७५ पीसीयू, सायकल ०.४ ते ०.५, रिक्षा १.२ ते २ आणि बस २.२ ते ३.७ अशी धरली आहे. कोणत्या टोकाचा आकडा घ्यायचा ते त्या वाहनाच्या प्रमाणावर ठरतं: प्रमाण दहा टक्के किंवा जास्त असेल तर वरचा.

या कोष्टकातून आणखी एक हिशेब निघतो, जो कोणी मांडत नाही. पूर्वी मुख्य प्रवाहात चालणाऱ्या तासाला दीडशे सायकली पट्ट्यात गेल्या तर मुख्य प्रवाहाचा ६० ते ७५ पीसीयू भार उतरतो. आपल्या उदाहरणातल्या ११३च्या तुटीतला निम्मा भाग तिथेच भरून निघाला.

डावीकडे मोकळं वळण

चौकात उभे आहातच, तर डावीकडे वळणाऱ्या गाड्या बघा. 'फ्री लेफ्ट'ची आपल्याला इतकी सवय आहे की लाल असतानाही डावीकडे जाणं हा जन्मसिद्ध हक्क वाटतो. कडेने सायकल मार्ग आला की सरळ जाणारी सायकल डावीकडे वळणाऱ्या गाडीच्या आडवी येते. गाडी थांबते, तिच्या मागची सरळ जाणारी गाडीही अडकते, आणि एका मोटारीमुळे हिरव्याचे आठ-दहा सेकंद वाया जातात. वळणाऱ्या गाड्या कमी असतील तर शेवटचे ३० मीटर खांब काढून तुटक रेघ द्या, म्हणजे गाडी आणि सायकल आधीच मागेपुढे होतात. गाड्या जास्त असतील तर मोकळं वळण बंद करून डावीकडेही सिग्नल लावणंच बरं. माझं मत दुसऱ्या उपायाच्या बाजूने आहे. मोकळ्या वळणाने पादचाऱ्यांचे जे हाल होतात त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पट्ट्याची सुरुवात

रांग चौकापासून न सुरू होता पट्ट्याच्या आरंभापासून सुरू होत असेल, तर तिथला तिरकस भाग तपासा. अनेकदा पहिला खांब अचानक रस्त्यात उभा असतो. शहरातल्या ताशी ५० किलोमीटर वेगाला अडीच मीटर बाजूला सरकायला जवळजवळ ४० मीटर तिरकी आखणी लागते. ती दहा मीटरमध्ये उरकली की प्रत्येक चालक शेवटच्या क्षणी घुसतो आणि मागे ब्रेकची लाट तयार होते. रात्री परावर्तक पट्टी नसलेला खांब दिसत नाही, त्यामुळे तो पहिल्याच आठवड्यात आडवा झालेला असतो. या दोन्ही गोष्टी रंगाचा डबा आणि एक रात्र एवढ्यावर सुटतात.

बस, रिक्षा, टेम्पो

पट्टा कडेला गेल्यामुळे बस आता वाहत्या रस्त्यात थांबते. उरलेल्या दोन रांगांपैकी एक अर्धा मिनिट बंद. बस थांबा सिग्नलच्या आधी ३० मीटरवर असेल तर बसमागोमाग हिरवाही वाया जातो. थांबा चौकापलीकडे नेला की हा प्रश्न बराचसा सुटतो. थांब्यापाशी खांब काढून २५ मीटर तुटक आखणी करावी लागते, कारण बसच बारा मीटरची असते आणि तिला आत-बाहेर यायला जागा हवी. उतरणारे प्रवासी सायकलींच्या मध्ये येतात, तिथे रस्त्यावर झेब्रा आखून सायकलवाल्यालाच थांबायला लावा.

माल उतरवणाऱ्या टेम्पोचं गणित वेगळं. दुकानदाराला त्याची जागा कुठे ते सांगितलंच नाही तर तो पट्ट्यात टेम्पो लावणार, खांब असतील तर खांबांच्या बाहेर लावणार, आणि तेही सकाळी दहाला. "दोन मिनिटांत आलोच." दर शंभर-दीडशे मीटरवर समोरच्या बाजूला किंवा गल्लीच्या तोंडाशी माल चढवण्या-उतरवण्याची आखीव जागा आणि वेळ, सकाळी आठच्या आधी आणि दुपारी, दिली की वाद निम्मा होतो. रिक्षा स्टँडलाही हेच लागू. स्टँड हलवायचा असेल तर आधी रिक्षावाल्यांना विचारून जागा ठरवा, नाहीतर ते पट्ट्याच्या तोंडाशीच उभे राहतील आणि त्यांची चूक म्हणता येणार नाही.

पट्टा रिकामा का दिसतो, आणि त्यात स्कूटर का असतात

२०२०च्या जूनमध्ये केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने सायकलींसाठी शहरांची स्पर्धा जाहीर केली. शंभराहून अधिक शहरं उतरली आणि शेवटच्या अकरांत महाराष्ट्रातली नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. बंगळुरूही त्यांत होतं. तिथल्या आउटर रिंग रोडवरचा खांबांचा सायकल मार्ग ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल: मोडलेले खांब, मधूनच आत शिरलेल्या दुचाकी, आणि मग मेट्रोचं काम. हे फक्त बंगळुरूचं दुखणं नाही. आपल्याकडे तात्पुरता मार्ग टाकला की दुचाकी आत शिरणं हा जवळजवळ नियम आहे.

यावर लोक सुचवतात, तोंडाशी खांब जवळजवळ लावा. करून पाहा, जमत नाही. स्कूटरची रुंदी आणि सायकलच्या हँडलची रुंदी यांत इतका थोडा फरक आहे की स्कूटर अडेल अशी फट ठेवली तर दुधाचे कॅन लावलेली सायकल, तीनचाकी सायकल आणि अपंगांची गाडीही अडते. फटीचा खेळ सोडून द्या. दुचाकी आत का येतात ते बघा: बाहेरची रांग पुढे सरकत नाही म्हणून. वर सांगितलेले सेकंद सिग्नलला दिले की आत शिरणाऱ्या दुचाकी पुष्कळ कमी होतात. उरलेल्यांसाठी पहिले दोन आठवडे वॉर्डन आणि दंड. मोटार वाहन नियमांत सायकल मार्गावर मोटारवाहन चालवायला मनाई आहेच, पण वाहतूक शाखेने मार्गाची रीतसर अधिसूचना काढलेली नसेल तर दंडाच्या पावतीवर वाद होऊ शकतो. अधिसूचना आहे का, हे तपासायला विसरतात.

पट्टा रिकामा दिसण्याचं कारण काही वेळा नुसतं दृष्टीचं असतं. तासाला तीनशे सायकली गेल्या तर मिनिटाला पाच, बहुतेक क्षणी समोर कोणीच नाही. तीनशे मोटारी सिग्नलला उभ्या राहिल्या की रस्ता भरलेला वाटतो. म्हणून फोटो नको, मोजणी हवी. पण काही वेळा पट्टा खरोखर रिकामा असतो, आणि सायकलवाले बाहेरून, गाड्यांच्या मध्ये चालतात. त्यांना विचारा. उत्तर साधारण ठरलेलं: आत खडी, काचा, झाडाचा पाला, पावसात साचलेलं पाणी, खचलेली चेंबरची झाकणं. रस्त्याचा उतार कडेकडे असतो, त्यामुळे सगळी घाण तिथेच येते. झाडणारं यंत्र खांबांच्या आत जाऊ शकत नाही आणि हाताने झाडण्याचं काम कोणाच्या यादीत नसतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर विचारूच नका. सायकलवाला बाहेर आला की दोन्हीकडून तोटा: जागा गेलीच, वर सायकल पुन्हा मुख्य प्रवाहात. दिवसाआड एक झाडू आणि चेंबरवर नवी झाकणं, हा कोंडीवरचाच उपाय आहे, स्वच्छतेचा नाही.

युरोपात २०२०मध्ये १०६ शहरांतल्या सायकल मोजणी यंत्रांचे आकडे तपासणाऱ्या संशोधकांना तात्पुरत्या मार्गांमुळे सायकली ११ ते ४८ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. ते आकडे इथे जसेच्या तसे धरू नयेत. तिथे टाळेबंदीचा काळ होता आणि मार्ग एकमेकांना जोडलेले होते. आपल्याकडचा पट्टा बऱ्याचदा कुठून तरी सुरू होऊन कुठे तरी संपतो.

सगळं करून पाहिलं, तरी कोंडी आहे

असंही होतं. सिग्नलमध्ये द्यायला सेकंदच उरलेले नाहीत, चारही बाजू भरलेल्या आहेत, समांतर रस्ता नाही. तिथे पट्टा दुसऱ्या रस्त्यावर नेणं हा पराभव मानू नका. पण निर्णय घेण्याआधी लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटचं बघा. तिथला तात्पुरता मार्ग तक्रारींमुळे सुमारे सात आठवड्यांत, २०२०च्या डिसेंबरमध्ये काढला. त्यानंतर कडेची ती जागा वाहत्या वाहतुकीला मिळण्याऐवजी उभ्या गाड्यांनी व्यापल्याच्या बातम्या आल्या. खांब काढल्यावर मिळणारी रुंदी कोण वापरणार, हे काढण्याआधीच विचारायला हवं. पी-१ची पाटी तिथेच असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

बर्लिनचा धडा वेगळा. तिथे २०२०च्या मार्चपासून रस्त्याच्या कामाला वापरतात तसल्या पिवळ्या पट्ट्या आणि फलक लावून मार्ग आखले. सप्टेंबरमध्ये प्रशासकीय न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, कारण त्या त्या रस्त्यावर मार्गाची गरज का आहे हे प्रशासनाने दाखवलं नव्हतं. प्रशासनाने मग वाहनांची मोजणी आणि अपघातांचे आकडे वरच्या न्यायालयात सादर केले आणि ऑक्टोबरमध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. आकडे आधीच हातात असते तर मधला महिना कोर्टकचेरीत गेला नसता.

आमच्या रस्त्याचं काय झालं ते सांगतो. प्रयोगाच्या उरलेल्या काळासाठी पट्ट्याच्या बाजूची पी-१ची पाटी कापडाने झाकली, गाड्या रोज समोरच्याच बाजूला लावायच्या असं ठरलं, आणि शहराकडच्या हिरव्याला पाच सेकंद वाढवले. समोरच्या बाजूचे दुकानदार चिडले, "आमच्याच दारात रोज का?" म्हणून. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माल उतरवायला त्यांच्या दारातली एक जागा राखून दिल्यावर आवाज कमी झाला, बंद नाही. पुढच्या ३१ला आणि १ला मी पुन्हा टपरीवर जाऊन बसलो. साडेनऊची रांग नव्हती. सव्वाबाराला शाळा सुटली तेव्हा मात्र फाटकासमोर स्कूल व्हॅनच्या दोन रांगा लागल्या, एक पट्ट्याच्या आत आणि एक बाहेर, आणि वीस मिनिटं कोणीच हललं नाही. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. कोणाच्या भागात शाळेसमोरून असा मार्ग नीट चालू असेल, तर व्हॅन कुठे उभ्या करता ते कळवा.